भिंतीकडे तोंड केलेली पाटी

तुम्ही त्याला पाहिलेला आहे, पैजेवर सांगतो. जुन्या मारामारीच्या सिनेमात नायक गोदामात शिरतो, खोक्यांमागून आठ-दहा गुंड उड्या मारत बाहेर येतात. त्यातला जो सगळ्यांच्या आधी धावत येतो, समोरचा दात नसलेलं तोंड उघडून हसतो आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याच खोक्यांवर जाऊन आदळतो, तो आमचा खिडकी. दोनशे बारा सिनेमे केले त्याने. सगळे मिळून त्याच्या वाट्याला एकोणीस वाक्यं आली, आणि त्यातली सहा "पकडा रे त्याला" हीच होती. मोजणी माझी नाही, त्याचीच आहे.

खिडकी हे नाव त्या पडलेल्या दातावरून. सिनेमावाल्यांनी ठेवलं, मग सगळ्यांनीच उचललं, पुढे मीही तेच म्हणायला लागलो. पण तो दात कुणी पाडला हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक तो, दुसरा मी. मीच पाडला.

आता असं एकदम म्हटल्यावर तुम्ही कान टवकारणार, ते ठीकच आहे. पण नीट पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही त्यालाच हसाल. आजवर सगळे त्यालाच हसत आले.

शाळेच्या मागच्या हॉलमध्ये आमचा कराटेचा क्लास भरायचा. सर दिवसा पोस्टात शिक्के मारायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. बोलायचे कमी. त्यांची सगळी शिकवण एका गोष्टीत होती: ठोसा पूर्ण जोरात मारायचा आणि समोरच्याच्या कातडीपासून एका बोटावर थांबवायचा. "मारता कुणालाही येतं," ते म्हणायचे, "थांबवून दाखव." जोडीच्या सामन्यात ज्याची मूठ लागली तो नापास, शिवाय वर्षभर पट्टा जप्त. ज्याला लागलं त्याने कुरकुर करायची नाही.

घरीसुद्धा सराव असायचा. दोऱ्याला कागद टांगायचा आणि त्यावर ठोसे मारायचे. कागद हलला तर तो ठोसा मोजायचा नाही. माझा कागद बऱ्याचदा हलायचा. त्याचा हलत नसे.

आम्ही दोघं एकाच उंचीचे, म्हणून दहाव्या वर्षी सरांनी आमची जोडी लावली ती लावलीच. अकरा वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, त्याची मूठ माझ्या नाकासमोर येऊन थांबत होती. एकदाही डोळे मिटावे लागले नाहीत मला. सख्ख्या भावावर मी इतका विश्वास टाकला नव्हता, खोटं कशाला बोलू.

हॉलच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि पट्टा मिळवलेल्या प्रत्येकाच्या नावाची छोटी लाकडी पाटी त्यावर टांगलेली असायची. नावं सर स्वतः काळ्या रंगाने लिहीत, जीभ ओठाबाहेर काढून, लहान मुलासारखे. कुणी क्लासला खाली मान घालायला लावली तर त्याची पाटी काढत नसत. फिरवत. नाव भिंतीकडे, कोरं लाकूड आमच्याकडे. आणि ज्या हाताने फिरवली त्याच हाताने ती सरळ करायची, दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. पाटी उलटी झालेला मुलगा पुन्हा सहसा दिसायचा नाही. भिंतीवर अशा तीनच होत्या, आणि आम्ही त्यांच्याकडे बघणं टाळायचो.

आम्ही एकवीस वर्षांचे असताना एक फाइट मास्टर क्लासवर आला. सिनेमातल्या मारामाऱ्या बसवणारा हा माणूस, बोटांत अंगठ्या, तोंडात सतत शिवी. त्याला पडणारी पोरं हवी होती. "मारणारे गल्लोगल्ली आहेत," म्हणाला, "मला छान पडणारा द्या." आम्ही चौघं हौसेने गेलो. तिघांची हौस दोन दिवसांत फिटली. मी तर पहिल्याच दिवशी कंबर धरून परत आलो आणि कानाला खडा लावला. तो मात्र टिकला.

सरांनी त्याला अडवलं नाही. इतकंच म्हणाले, "तिकडचं तिकडे ठेव. आणि वर्षाच्या परीक्षेला येत जा."

तिकडे तो काय शिकला ते मला सांगायचा. कॅमेऱ्यासमोर मूठ वीतभर लांबूनच जाते. पडणाऱ्याने ती यायच्या क्षणभर आधी मान झटकायची, मग अंग फेकायचं. मान आधी, अंग मागून. मान उशिरा हलली की प्रेक्षकाला खोटं दिसतं. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांवर कसं पडायचं, साखरेपासून बनवलेल्या खोट्या काचेतून उडी मारताना तोंड कुठे वळवायचं, आणि मेल्यावर "कट" ऐकू येईपर्यंत पापणी कशी हलू द्यायची नाही. "एकदा दिग्दर्शक कट म्हणायला विसरला," तो सांगायचा, "सगळे जेवायला गेले लेका, मी आपला मेलेलाच." आणि खो खो हसायचा. मी पण हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

दोन वर्षांनी ती परीक्षा आली. माझ्या वरच्या पट्ट्याची. सर त्या दिवशी हेही सांगणार होते की यापुढे त्यांच्या हाताखाली कोण शिकवणार. मी महिनाभर झोपेतसुद्धा ठोसे मारत होतो. आणि हा आला सरळ शूटिंगवरून, अंगात नवा चकचकीत शर्ट. सगळा क्लास त्याच्याभोवती गोळा. कुठल्या नटाचे केस खोटे, कोण खरोखर मारतो, कोण घाबरतो. परीक्षा माझी आणि गर्दी त्याच्याभोवती! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

सामना नेहमीप्रमाणे आम्हा दोघांचाच. तिसऱ्या मिनिटाला मी उजवा ठोसा टाकला आणि तो थांबला नाही. थांबला नाही की मी थांबवला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. छे, येतं. थांबवला नाही.

तो उडाला. मूठ लागताक्षणी त्याच्या अंगाने जे दोन वर्षं रोज केलं होतं तेच केलं: हात पसरून मागे गेला, पाठीवर आपटला, एक कोलांटी खाऊन आडवा झाला. हुबेहूब सिनेमा. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खा हॉल हसायला लागला. सर माझ्या पाठीमागे बसले होते, त्यांना माझी मूठ दिसली नव्हती.

"लागलं का?" सरांनी विचारलं.

त्याने ओठ घट्ट मिटले होते. माझ्याकडे पाहिलं. मी नजर चटईकडे वळवली. त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग पडलास कशाला?"

"सवय झालीय, सर." तोंड उघडलं न उघडलं असं करून म्हणाला.

पुन्हा हशा पिकला. सर मात्र पांढरेफटक पडले. या माणसाने उभ्या आयुष्यात दुसरं काही जपलं नव्हतं आणि त्याचा सगळ्यात चांगला शिष्य त्याच्याच चटईवर सोंग करत होता, असं त्यांना वाटलं. आवाज न चढवता ते मला म्हणाले, "याची पाटी फिरव."

स्टूल मी आणलं, चढलोही मीच. याच हाताने फिरवली.

बाहेरच्या नळावर तो वाकून चूळ भरत होता. पाणी लाल. दात रुमालात बांधत होता. मी जवळ गेलो, ततपप करत म्हटलं, "मी सांगतो सरांना. आत्ताच सांगतो."

"आज नको," तो म्हणाला. "आज तुझा पट्टा आहे. उद्या सांग."

उद्या. त्या उद्याला अडतीस वर्षं झाली.

पहिल्या वर्षी तो फोनवर विचारायचा, "सांगितलंस का?" मी म्हणायचो, सरांची तब्येत बरी नाही, सर रागात आहेत, जरा थांब. पुढे तो वेगळंच विचारायला लागला: "सर कसे आहेत?" प्रश्न तोच आहे हे मला कळायचं. मी म्हणायचो, बरे आहेत. तो म्हणायचा, बरं. मधल्या काळात मी सरांचा उजवा हात झालो होतो. आधी पट्टा जाईल म्हणून गप्प, मग जागा जाईल म्हणून, मग इतकी वर्षं गप्प का होतास असं विचारतील म्हणून गप्प. मूग गिळून बसण्यात माझा हात धरणारा कुणी मिळायचा नाही.

आणि गंमत बघा, त्या दातानेच त्याचं नशीब उघडलं. तोवर तो नुसता डमी होता, नटाच्या जागी पाठमोरा उडी मारणारा. एका दिग्दर्शकाने त्याला हसताना पाहिलं आणि ओरडला, "हा खिडकीवाला पुढे घ्या रे!" झालं. चेहरा पडद्यावर आला. दात बसवून घेतो म्हणाला तर मास्टर खेकसला, "दात बसवलास की घरी बसशील." मग आयुष्यभर ती खिडकी उघडीच राहिली.

त्याच्या आईला, मावशी म्हणायचो मी त्यांना, सिनेमाला मीच घेऊन जायचो, कारण ज्या शुक्रवारी सिनेमा लागे त्या शुक्रवारी हा दुसरीकडे कुठेतरी पडत असे. मावशींना कितीदा समजावलं की ते खोटं असतं. ऐकतील तर शपथ! नायकाने त्याला तिसऱ्यांदा उचलून आपटला की त्या भर थिएटरात उठून उभ्या राहायच्या. "अरे मेल्या, पडलाय ना तो! सोड की आता!" लोक हसायचे. मी त्यांना हाताला धरून खाली बसवायचो. एकदा मध्यंतरात म्हणाल्या, "पण बाळा, याचा दात खरा कुणी रे पाडला? मला सांगतच नाही." मी म्हटलं, "शूटिंगमध्येच असेल, मावशी." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू तेवढा त्याच्याकडे लक्ष ठेव," म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

एकदाच, चाळिशीत, त्याला मुख्य खलनायकाचं काम मिळालं. पोस्टरवर कोपऱ्यात का होईना, चेहरा होता. त्याने फोन करून पहिल्यांदा काही मागितलं: "सरांना घेऊन ये. शेवटच्या मारामारीत मी आपले ठोसे ठेवलेत. थांबवलेले. त्यांना ओळखू येतील." मी सरांना विचारलंच नाही. विचारलं असतं आणि ते आले असते तर? सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरला. मी एकटाच पाहून आलो, दुपारच्या खेळाला, सगळे मिळून नऊ जण. त्याचे ठोसे खरंच नायकाच्या नाकापाशी एका बोटावर थांबत होते. त्या नऊ जणांतल्या एकालाच ते कळत होतं.

सर अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज त्यांचे पाय चेपायला जात असे. एका सकाळी डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "तो त्या दिवशी सोंगच करत होता का रे? मी नंतर त्याचे सिनेमे पाहिले. पडताना त्याची मान आधी हलते. त्या दिवशी आधी हलली नव्हती."

आयती संधी होती. अशी संधी देव दुसऱ्यांदा देत नाही. माझा पट्टा आता कुणी काढणार नव्हतं, जागा कुणी घेणार नव्हतं. आणि मी म्हणालो, "लागलं नव्हतं, सर. सवयच होती त्याची."

 आठ दिवसांनी सर गेले. खिडकी आला होता. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, "पाटी उलटी आहे माझी."

त्यानंतर क्लास माझा झाला. नवीन पोरं विचारायची, सर, ही पाटी उलटी का? मी सांगायचो: फार गुणी होता, पण सिनेमात गेला आणि या चटईची थट्टा करून गेला. पोरं गंभीर व्हायची. दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी तेच उत्तर. असा नालायक माणूस आहे मी.

या वर्षी शाळेला जिना बांधायचा होता, त्यात आमचा हॉल गेला. मी सगळ्या पाट्या उतरवल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचवत सुटलो. त्याची सगळ्यात शेवटी काढली. उलटी काढली, उलटीच वर्तमानपत्रात गुंडाळली. बघवली नाही.

तिसऱ्या मजल्यावर त्याची एकच खोली. मावशी जाऊन चौदा वर्षं झाली. लग्न नाही, "रोज मार खाऊन येणाऱ्याला कोण मुलगी देतं?" असं म्हणून त्याने तो विषय कधीच मिटवला होता. काम बंद पडून दहा वर्षं झाली होती, आता तारा लावून कुणालाही उडवता येतं. जमिनीवर गादी, कारण पाठीला खाट सोसत नाही. दोरीवर गुडघ्याचे पट्टे वाळत होते. टीव्हीवर आवाज बंद करून कुठलातरी जुना सिनेमा लावलेला. खिडकीच्या गजाला दोरा बांधून एक कागद टांगला होता.

"अजून?" मी विचारलं.

"रोज शंभर," तो म्हणाला. "दुसरं काय करू? बोलायला कुणी नाही." त्याने चहासाठी दोन कप काढले. एक रोजचा. दुसऱ्यावर धूळ होती, ती त्याने माझ्याकडे पाठ करून धुतली.

मी पाटी त्याच्या हातात दिली, हॉलचं सांगितलं. त्याने वर्तमानपत्र सोडलं, पाटी उलटीसुलटी न करता दारापाशी एक रिकामा खिळा होता त्यावर अडकवली. नाव भिंतीकडेच.

"तुला काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं.

"दाताचं ना? सोड रे. आता सगळेच पडायला लागलेत." आणि हसला.

"दाताचं नाही. सरांनी मला विचारलं होतं. जायच्या आधी."

त्याने टीव्ही बंद केला. "काय विचारलं? सरांचे शब्द सांग. जसेच्या तसे."

मी सांगितले. तो हळूच स्वतःशी म्हणाला, "मान बघितली होती सरांनी." त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "माझे सिनेमे बघत होते? सर?" मग एकदम माझ्याकडे वळला. "आणि तू काय म्हणालास?"

"सवय होती त्याची, म्हणालो."

 रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला. माझा चहा तसाच निवला.

"उभा राहा," तो म्हणाला.

उभा राहिलो. गुडघे धरत धरत तोही उठला आणि समोर पवित्रा घेऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा माझी बत्तिशी घशात घालणार. खरं सांगतो, घालावी असंच मला वाटत होतं. त्याने वाकून नमस्कार केला, मीही केला. मूठ आली. त्या वयात, त्या गुडघ्यांवर, तेवढ्याच जोरात आली. नाकावर वारा लागला.

डोळे उघडले तेव्हा मूठ एका बोटावर थांबलेली होती. जराही थरथरत नव्हती.

"डोळे मिटलेस," तो म्हणाला. "अकरा वर्षांत कधी मिटले नव्हतेस."

मग तो खाली बसला, माझ्याकडे पाठ करून, आणि टीव्ही पुन्हा लावला. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी खोक्यांवर फेकत होतं. मी चपला घातल्या. तो मागे न बघता म्हणाला, "पाटी तू फिरवली होतीस. जाताना सरळ करून जा."

मी हात वर केला आणि पाटी फिरवली. अडतीस वर्षं त्या नावाला ऊन लागलं नव्हतं. सरांची अक्षरं काल लिहिल्यासारखी काळीभोर होती.

त्याला अजून फोन केलेला नाही, त्याचाही आला नाही. माझी पाटी घरी आणली आहे. ती एवढी वर्षं सरळ टांगलेली होती, हॉलच्या खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर यायचं. तिच्यावरचं नाव आता वाचता येत नाही.